तारा : नवसाची देवी की करुणेचे रूप?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नेर परसोपंत आणि आसपासच्या खेड्यांतून आपली माणसे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. परतताना पिशवीत पुस्तके असतात, पंचशील ध्वज असतो, बाबासाहेबांची तसबीर असते, एखादी लहानशी बुद्धमूर्ती असते. ती मूर्ती घरातल्या फळीवर विराजमान होते आणि तीच आपली वंदनेची जागा बनते. तिथे मेणबत्ती, उदबत्ती, फुले आणि पाण्याचा पेला एवढेच असते. त्रिशरण-पंचशील म्हणायला याहून अधिक काही लागत नाही.

अलीकडे भेटवस्तूंच्या दुकानांत आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत आणखी एक मूर्ती दिसू लागली आहे. कमळावर बसलेली, एक पाय खाली सोडलेली, हातात निळे कमळ धरलेली एक स्त्री. खाली लिहिलेले असते : ‘बौद्ध देवी तारा, घरातील पूजेसाठी व ध्यानासाठी’. ‘बौद्ध’ हा शब्द वाचून कोणी हौसेने मागवतो, तर ‘देवी’ हा शब्द वाचून कोणी बिचकतो. महिला मंडळात प्रश्न निघतो, ‘ताई, ही मूर्ती आपण घरात ठेवावी का?’

प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला धम्मदीक्षा झाली, त्यानंतर विदर्भातल्या आपल्या आजी-आजोबांनी घरातले देव बाहेर काढले. देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, विहिरीत टाकले. मरीमाय, मातामाय यांच्या नावाने चालणारे नवस आणि कोंबडे-बकरे बंद केले. गावाचा रोष पत्करून त्यांनी ते केले. ज्या घरातून आजीने एक देवी बाहेर काढली, त्याच घरात नातसुनेने दुसरी देवी आणावी का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्याआधी तारा कोण, ते नीट समजून घेतले पाहिजे.

तारा म्हणजे कोण?

‘तारा’ हे नाव ‘तारणे’ या क्रियापदाशी नाते सांगते. पैलतीरी नेणारी, ती तारा. भगवान बुद्धांच्या काळात ती नव्हती. पाली त्रिपिटकात तिचे नाव नाही. महायान पंथात बोधिसत्त्वाची कल्पना विस्तारत गेली, तेव्हा साधारण सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास तारेची मूर्ती दिसू लागते. करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, आणि त्याच करुणेचे स्त्रीरूप तारा. चिनी प्रवासी युआन श्वांग, म्हणजेच ह्युएन त्संग, सातव्या शतकात भारतात आला होता. मगध देशात बुद्धमूर्तीच्या जवळ तारा आणि अवलोकितेश्वर यांच्या मूर्ती पाहिल्याचे त्याने नोंदवून ठेवले आहे. अकराव्या शतकात बंगालचे आचार्य अतीश (९८२–१०५४) तिबेटात गेले. ते तारेचे मोठे उपासक होते. त्यांच्यामुळे तारेची उपासना तिबेटात घट्ट रुजली. पुढे भारतातून बौद्ध धम्म ओसरला, विहार उजाड झाले आणि तारा इथल्या माणसांच्या विस्मरणात गेली. तिबेट आणि नेपाळने मात्र तिला सांभाळले.

थेरवादी देशांतही ती पोहोचली होती. श्रीलंकेत सापडलेली तारेची सुमारे १ मीटर ४३ सेंटिमीटर उंचीची, सोन्याचा मुलामा दिलेली कांस्यमूर्ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती साधारण आठव्या शतकातली आहे.

राजकन्येची गोष्ट

तिबेटी इतिहासकार तारानाथ यांनी १६०४ साली तारेच्या उगमाविषयी ग्रंथ लिहिला. त्यात एका राजकन्येची कथा आहे. तिचे नाव ज्ञानचंद्रा. ती फार अभ्यासू होती, दान करणारी होती. तिची प्रगती पाहून भिक्खूंनी तिला सल्ला दिला : एवढे पुण्य केले आहेस, तर पुढचा जन्म पुरुषाचा मिळावा अशी इच्छा धर, म्हणजे तुझे काम सोपे होईल. राजकन्येने तो सल्ला मानला नाही. स्त्री आणि पुरुष हे भेद अज्ञानी माणसांनी धरून ठेवले आहेत, असे तिने सुनावले. पुरुषदेहाने बोधी मिळवू पाहणारे पुष्कळ आहेत, स्त्रीदेहाने जगाचे कल्याण करणारे थोडे, म्हणून मी शेवटपर्यंत स्त्री राहूनच हे काम करीन, असा तिने निश्चय केला. तीच पुढे तारा झाली.

ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे लक्षात घ्यावे. पण ती ज्याने कोणी रचली, त्याने एक खरी गोष्ट सांगितली आहे. ‘बाई आहेस, तुला काय कळणार’ हे वाक्य आपल्या भगिनींनी सासरी ऐकले, शेतात ऐकले, ग्रामपंचायतीच्या सभेतही ऐकले. थेरीगाथेतल्या सोमा थेरीलाही मार हेच म्हणतो. दोन बोटांची अक्कल असलेल्या स्त्रीला ते पद कसे मिळेल, असे तो हिणवतो. भात शिजला की नाही हे बाई दोन बोटांनी चाचपते, तेवढीच तिची बुद्धी, असा त्या टोमण्याचा अर्थ जुन्या टीकाकारांनी दिला आहे. सोमा उत्तर देते की चित्त स्थिर असेल आणि ज्ञान जागे असेल, तर बाईपणाचा प्रश्न येतोच कुठे? सोमा थेरी आणि राजकन्या ज्ञानचंद्रा यांच्यात अनेक शतकांचे अंतर आहे. उत्तर मात्र एकच आहे.

बाबासाहेबांनी १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला. स्त्रियांच्या अवनतीला बुद्ध जबाबदार आहेत, हा आरोप त्यांनी त्यात पुराव्यानिशी खोडून काढला. त्याच वर्षी हिंदू कोड बिलाची वाट अडवली गेल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडले. स्त्रीच्या बरोबरीचा विचार आपल्या चळवळीला बाहेरून आणावा लागलेला नाही.

ती आपल्याच मातीत कोरलेली आहे

तारा म्हणजे तिबेटची, असे अनेकांना वाटते. पण महाराष्ट्राच्या काळ्या दगडात ती तिबेटात रुजण्याच्या कितीतरी आधी कोरली गेली. वेरूळला १ ते १२ क्रमांकाची लेणी बौद्धांची आहेत. साधारण सातव्या-आठव्या शतकातले हे काम. त्यांपैकी ९ व्या लेण्याच्या दर्शनी भागावर तारा आहे आणि तिच्याभोवती साप, हत्ती, आग, बुडणारे जहाज अशी संकटांची दृश्ये आहेत. ६ व्या लेण्यात महामायूरी आहे. तिच्याजवळ मोर आहे आणि खाली एक जण पोथी वाचत बसला आहे. मोर आणि पोथी पाहून पुष्कळ लोक तिला सरस्वती समजतात आणि पुढे जातात. १२ वे लेणे तीन मजली आहे, ‘तीन ताल’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या वरच्या मजल्यावर गाभाऱ्यापुढच्या दालनात स्त्रीरूपांची ओळच बसलेली आहे.

औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची लेणी बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठापासून जवळच आहेत. तिथल्या ७ व्या लेण्यात दाराशेजारी अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटांत सापडलेली माणसे त्याला हाक मारताना दिसतात. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर वादक स्त्रियांच्या मधोमध एक नर्तकी कोरली आहे. तिला अनेक अभ्यासक तारा मानतात. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या ९० व्या लेण्यातही अवलोकितेश्वराचा असाच पट आहे. विदर्भाच्या पूर्वेला, छत्तीसगडमधील सिरपूरला, आठव्या शतकाच्या आसपासच्या धातूच्या बौद्ध मूर्ती सापडल्या. त्यांतही तारा आहे.

म्हणजे मूर्ती घरात ठेवा किंवा ठेवू नका, पण ‘ही आपली नव्हे’ असे म्हणून हा वारसा सोडून देऊ नये. लेणी पाहायला गेलो की आपण बुद्धमूर्तीपुढे हात जोडतो आणि बाकीच्या मूर्तींवरून नजर फिरवून परत येतो. पुढच्या खेपेला मुलामुलींना घेऊन गेलात, तर त्यांना तारा ओळखायला शिकवा. वारसा ओळखला नाही, तर तो दुसऱ्याच्या नावावर चढायला वेळ लागत नाही.

आठ भये कोणती?

तारा आठ मोठ्या भयांतून तारते, असे मानले जाते. सिंह, हत्ती, आग, साप, चोर, बेड्या, पूर आणि पिशाच ही ती भये. त्या काळचे व्यापारी तांडे जंगलातून जात, समुद्रावर जात. त्यांच्या जिवाला हे धोके खरोखरच होते. हा झाला वरवरचा अर्थ.

पहिले दलाई लामा गेंदुन द्रुब (१३९१–१४७४) यांनी याच आठ भयांचा आतला अर्थ लावला. सिंह म्हणजे गर्व, हत्ती म्हणजे मोह, आग म्हणजे क्रोध, साप म्हणजे मत्सर. चोर म्हणजे चुकीची दृष्टी, बेड्या म्हणजे कंजुषी, पूर म्हणजे आसक्ती आणि पिशाच म्हणजे संशय. असा अर्थ लावला की तारेकडे मागायचे काही उरतच नाही. आपल्या रागावर दुसरे कोणी पाणी ओतणार नाही, ते आपल्यालाच ओतावे लागते. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागले म्हणून पोटात दुखत असेल, तर तो साप आपल्याच घरात आहे. हा अर्थ आपल्या पंचशीलाशी आणि अष्टांगिक मार्गाशी जुळतो, म्हणून तो आपल्या कामाचा.

बावीस प्रतिज्ञा काय सांगतात?

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या तीन प्रतिज्ञांनी ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती आणि इतर हिंदू देव-देवता यांची उपासना आपण सोडली. चौथीने अवतारकल्पना सोडली. तेराव्या प्रतिज्ञेने प्राणिमात्रांविषयी दया स्वीकारली आणि अठराव्या प्रतिज्ञेने प्रज्ञा, शील, करुणा यांवर जीवन उभे करण्याचे ठरवले.

यावरून समाजात दोन मते आहेत. एक मत म्हणते, देवी ती देवी. आज तारा आणाल, उद्या तिला हळद-कुंकू लावाल, परवा तिच्यापुढे नारळ फोडाल. बाबासाहेबांनी एवढ्या कष्टाने बंद केलेले दार पुन्हा किलकिले कशाला करता? या मतात अनुभवाचे शहाणपण आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये.

दुसरे मत म्हणते, तारा ही सृष्टी निर्माण करणारी किंवा पाप-पुण्याचा हिशेब ठेवणारी देवी नाही, ती बोधिसत्त्व आहे. बुद्धमूर्तीपुढे आपण नवस बोलत नाही, तिथे गुणांचे स्मरण करतो. तसेच तारेकडे पाहून करुणेचे स्मरण करावे. भारतात १९७९ पासून काम करणाऱ्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणात, म्हणजे आताच्या त्रिरत्न बौद्ध महासंघात, आपल्याच समाजातल्या स्त्री-पुरुषांनी ध्यानाची दीक्षा घेतली आहे. त्यांच्यात तारेचे ध्यान करणारेही आहेत.

आमच्या मते निर्णय मूर्तीवर अवलंबून नाही, आपल्या वागण्यावर आहे. मूर्तीपुढे उभे राहून ‘मला दे’ असे तोंडातून निघाले, तर ती देवी झाली आणि प्रतिज्ञा मोडली. ‘मला असे व्हायचे आहे’ असे मनात आले, तर ती शिकवण झाली. ज्या घरात हा फरक पाळता येईल, तिथे तारा खुशाल असावी. ज्या घरात नवसाची सवय अजून पुरती सुटलेली नाही, तिथे बुद्ध आणि बाबासाहेब पुरेसे आहेत. तारा नाही म्हणून कोणाचा धम्म अपुरा राहत नाही.

मूर्ती ओळखायची कशी?

घ्यायचीच असेल, तर ओळखून घ्यावी. हिरव्या तारेचा उजवा पाय खाली सुटलेला असतो आणि तो लहानशा कमळावर टेकलेला असतो. डावा पाय मांडी घातल्यासारखा आत असतो. उजवा हात गुडघ्यावर, तळवा बाहेर वळलेला, देणाऱ्याचा. डाव्या हाताच्या बोटांत कमळाचा देठ आणि खांद्याजवळ निळे कमळ. तो खाली सुटलेला पाय महत्त्वाचा आहे. हाक ऐकू येताच उठून जाता यावे, म्हणून ती अशी बसली आहे. ध्यानही आहे आणि उठण्याची तयारीही आहे. शेजारी बाळंतीण अडली की हातातले काम टाकून धावणारी बाई आपण पाहिलेली आहे. तारेची बैठक तिची आठवण करून देते.

पांढरी तारा दोन्ही पाय मांडी घालून बसते. तिला सात डोळे असतात. तीन चेहऱ्यावर, दोन तळहातांवर आणि दोन तळपायांवर. दुःख सगळीकडून दिसावे, असा त्याचा अर्थ.

फसगत होते ती नावामुळे. शाक्त पंथातल्या दहा महाविद्यांमध्येही ‘तारा’ नावाची देवी आहे. तिच्या गळ्यात मुंडक्यांची माळ असते आणि जीभ बाहेर असते. ती वेगळी. दुकानदाराला हा फरक माहीत असेलच असे नाही, म्हणून आपणच नीट पाहावे.

हाताने घडते कशी?

तारेच्या उत्तम धातूमूर्ती आजही नेपाळमधील पाटण, म्हणजे ललितपूर, येथील नेवार कारागीर घडवतात. त्यांत शाक्य कुळातली घरे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आली आहेत. आधी मेणाची पूर्ण मूर्ती करतात. बोटे, दागिने, कमळाच्या पाकळ्या सगळे मेणातच कोरतात. मग तिच्यावर बारीक माती आणि शेणाचे लेप चढवतात. एक थर वाळला की दुसरा. साचा पक्का झाला की तो तापवून मेण वितळवून बाहेर काढतात. आत जी पोकळी राहते, तिच्यात वितळलेले तांबे ओततात. थंड झाल्यावर साचा फोडतात आणि छिन्नीने, कानशीने बारकावे काढतात. साचा फुटतो, म्हणून एका मेणातून एकच मूर्ती. ओतताना बिघडली, तर पुन्हा मेणापासून सुरुवात. बस्तरचे घडवा कारागीरही मेण वितळवण्याच्या याच तत्त्वावर पितळी वस्तू करतात.

सोन्याचा मुलामा देण्याच्या जुन्या पद्धतीत सोने पाऱ्यात मिसळून लावतात आणि आगीने पारा उडवतात. पाऱ्याची ती वाफ विषारी असते. आपण ज्या चकाकीचे कौतुक करतो, तिच्यामागे कारागिराची फुफ्फुसे असतात, हे श्रमिकांच्या वस्तीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणूनच हातकामाच्या मूर्तीची किंमत जास्त असते.

आणि म्हणूनच स्वस्तातल्या प्रत्येक मूर्तीवर ‘हस्तनिर्मित’ लिहिले असले, तरी विश्वास ठेवू नये. बाजारातल्या पुष्कळ मूर्ती रेझिनच्या, साच्यातून काढलेल्या असतात. त्या वजनाला हलक्या असतात आणि कडेला साच्याच्या जोडाची रेघ दिसते. तांब्या-पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, तोही एक पडताळा. रेझिनची मूर्ती घेण्यात कमीपणा नाही, फक्त तिला तांब्याचा भाव देऊ नये. कापूस विकून आलेला पैसा किंवा बचत गटाचे कर्ज मूर्तीवर घालण्याची तर काहीच गरज नाही. मुलीची पुस्तके आधी.

आणखी एक मार्ग आहे. आपल्याकडे सणांच्या मूर्ती करणारे मूर्तिकार बुद्ध आणि बाबासाहेबांच्या मूर्तीही करतात. त्यांना चित्र दाखवून मातीची लहान तारा करून घेता येते. मात्र दोन हात, खाली सुटलेला पाय आणि कमळ हे आधीच नीट सांगावे. नाही तर दुर्गेच्या ठरलेल्या साच्यातला चेहरा, मुकुट आणि कधी त्रिशूळही येऊन बसेल.

घरात ठेवली तर

वंदनेच्या जागी मध्यभागी आणि सर्वांत उंच बुद्धमूर्ती असावी. बाबासाहेबांची तसबीर आपल्या नेहमीच्या जागी असावी. तारा बुद्धांच्या एका बाजूला, थोडी खाली. तिला साडी नेसवू नये, ओटी भरू नये, कुंकू लावू नये, तिच्या नावाने उपवास धरू नये. वंदना नेहमीचीच, त्रिशरण-पंचशीलाची. तिबेटी परंपरेत पोकळ मूर्तीच्या आत मंत्रांच्या गुंडाळ्या भरून तिची प्रतिष्ठापना करतात. आपल्याला त्याची आवश्यकता नाही आणि त्यासाठी कोणाला दक्षिणा देण्याचीही नाही.

साध्या पितळेची मूर्ती चिंच किंवा लिंबाने घासून, धुऊन, लगेच कोरडी करावी. मुलामा दिलेल्या किंवा रंगवलेल्या मूर्तीला आंबट लावू नये, रंग उडतो. तिला आणि रेझिनला मऊ, कोरडे फडके पुरते.

ध्यानासाठी बसायचे असेल, तर दिवसभराच्या कामानंतर दहा मिनिटे पुरे आहेत. श्वासावर लक्ष ठेवावे. मग मैत्री भावना करावी : आधी स्वतःसाठी, नंतर घरच्यांसाठी, नंतर ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्यासाठी. समोर तारा असली, तर डोळे मिटण्याआधी तिचा तो खाली सुटलेला पाय पाहावा आणि स्वतःला विचारावे, आज मी कोणासाठी उठले?

तिबेटी बांधव आपल्याला परके नाहीत. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. त्यांच्या घरी तारा असते आणि आपल्या घरी बाबासाहेब. कधी गाठ पडली, तर तारेविषयी त्यांना विचारावे आणि बाबासाहेबांविषयी त्यांना सांगावे. धम्मात अशी देवाणघेवाण पूर्वीपासून चालत आली आहे.

उद्या घरातले लहान लेकरू फळीकडे बोट दाखवून विचारील, ‘आजी, ही कोणती देवी?’ त्या वेळी आजीला ठामपणे सांगता आले पाहिजे, ‘बाळा, ही देवी नाही. बाईच्या जन्मात राहूनच जगाचे भले करीन म्हणणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट आहे.’ एवढे सांगता येत असेल, तर मूर्ती जरूर आणावी. सांगता येत नसेल, तर आधी गोष्ट घरात आणावी, मूर्ती मागाहून आली तरी चालेल.